हात क्रमांक नऊ

२ मार्च, सोमवार

नवी वही, नवं घर, नवी नोकरी. तिन्हींचा वास एकदमच येतोय, त्यात भिंतींच्या रंगाचा जरा जास्त. सामान काल दुपारी आलं आणि ते लागायच्या आत बाबांनी घर पाहूनही घेतलं. म्हणजे तळवा भिंतीला लावून एकदा उजवीकडून फिरले, एकदा डावीकडून. ओट्याची कड एका जागी उडालीय हे मला आज सकाळी दिसलं, त्यांना कालच कळलं होतं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. काचबिंदूनं डोळे गेले, पण बोटं शाबूत आहेत. मी बाहेरून आले की काही न बोलता त्यांच्या मनगटावर हात ठेवते. ते म्हणतात, आलीस. एवढ्यावर आमचं भागतं.

पेटंट कार्यालय चौथ्या मजल्यावर आहे. माझं टेबल खिडकीशी, हे नशीबच. आमच्या विभागाकडे पडद्यांचे अर्ज येतात. बोट किंवा लेखणी टेकली हे काचेला कसं कळावं, याची कुणी नवी युक्ती काढली असेल तर ती खरोखर नवी आहे का, ते मी तपासायचं. शेजारी एक ज्येष्ठ परीक्षक बसतात. स्वल्पविराम चुकला म्हणून अर्ज परत पाठवतात, म्हणून सगळे त्यांना व्याकरणकाका म्हणतात. मुख्य परीक्षक बाई कामापुरतं बोलतात, पण पहिला चहा त्यांनी स्वतः आणून दिला.

संध्याकाळी बाबांना काम समजावलं. काचेखाली केसाहून बारीक तारांची जाळी असते, तीत अगदी थोडी वीज खेळत असते. बोट जवळ गेलं की आपलं शरीर त्यातली चिमूटभर ओढून घेतं. कुठे कमी झाली, त्यावरून बोट कुठे आहे ते कळतं. बाबा म्हणाले, म्हणजे तीही माझ्यासारखी चाचपडतेच की. मग म्हणाले, काचबिंदूनं बापाचे डोळे नेले आणि काचेनं लेकीला नोकरी दिली, फिटंफाट. स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसत होते.

५ मार्च, गुरुवार

पहिली फाइल मिळाली. माझ्या आधी या टेबलावर ज्या बाई होत्या, त्यांच्याकडून अर्धवट राहिलेली. त्या कुठे असतात, असं विचारलं तर मुख्य परीक्षक म्हणाल्या, येत नाहीत. बदली नाही, राजीनामा नाही, आजारपणही नाही. नुसतं येत नाहीत.

अर्ज तसा सोपा आहे. लेखणीनं पडद्यावर लिहिताना तळव्याची कड काचेवर टेकते आणि भलत्याच रेघा उमटतात. यावर उपाय म्हणून हे यंत्र लिहिणाऱ्याचा हात एकदा ओळखून ठेवतं आणि पुढे तो जमेतच धरत नाही, फक्त लेखणी धरतं. असं करणारे बरेच आहेत, पण ते तळव्याचा आकार बघून स्पर्श गाळतात. हे माणूस बघून गाळतं. कसं, ते मात्र नव्वद पानांत कुठेही धड सांगितलेलं नाही. पहिला दावा, म्हणजे आपलं नवं काय ते सांगणारं कलम, दीड पानांचं एकच वाक्य आहे. व्याकरणकाकांना दाखवला तर म्हणाले, हा वाचायचा तर आधी पोहायला शिकलं पाहिजे.

शेवटी आठ आकृत्या आहेत. आठ तळव्यांच्या बाह्यरेषा, हात क्रमांक एक ते आठ. फार सुबक काढल्यात, कातडीवरच्या खुणांसकट.

मी आक्षेप पाठवला: वर्णन अपुरं आहे, यंत्र कसं चालतं ते कळत नाही. आयुष्यातला पहिला आक्षेप. बरं वाटलं.

१२ मार्च, गुरुवार

सुनावणी झाली. अर्जदाराचा एजंट आला होता. करडा कोट, मध्यम वय, गोड बोलणं. वर्णन वाचण्यापेक्षा वस्तूच पाहा म्हणाला आणि कापडात गुंडाळलेली काचेची पाटी टेबलावर ठेवली. कापडाच्या टोकानंच ती माझ्याकडे सरकवली, एकदाही तिला बोट लावलं नाही. डाग पडू नयेत म्हणून असेल.

उजवा तळवा अर्धा मिनिट ठेवा म्हणाला. मी ठेवला. काच कोमट होती. अंधारात शेवटची पायरी उतरल्यावर अजून एक आहे असं वाटून पाय पुढे टाकावा आणि तिथे काही नसावं, तसं एकदा झालं, तेवढंच. मग लेखणीनं लिहिलं. हात बिनधास्त टेकवून लिहिलं, पण एक रेघ भलतीकडे उमटली नाही. कागदावरही माझं अक्षर इतकं चांगलं येत नाही.

सहज डावा हात ठेवून पाहिला. पाटीनं तोही जमेत धरला नाही. डावा तर मी ओळखायला दिलाच नव्हता. एजंट म्हणाला, यंत्र हुशार आहे.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी हजेरीच्या यंत्रानं अंगठा घेतला नाही. पुसून, फुंकर मारून, दुसरा अंगठा लावून पाहिला. पहारेकरी म्हणाला, सगळ्यांनाच त्रास देतं हे, रजिस्टरमध्ये सही करा. दुपारी फोनही ऐकेना. उत्तर द्यायला बोट सरकवतेय, पण तो आपला वाजतोच आहे. हात कोरडे पडले असतील. येताना मलम आणलं.

१६ मार्च, सोमवार

मलमाचा उपयोग नाही. लिफ्टच्या काचेच्या बटणांवर मी बोट दाबत उभी होते. मागून कुणीतरी हात घालून दाबलं तेव्हा दिवा लागला. आता जिन्यानं जाते.

व्याकरणकाकांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, तुझ्या आधीची ती, तिचाही अंगठा घेत नव्हतं. तीही रजिस्टरमध्ये सही करायची. मग नेमकी कोणत्या दिवसापासून आली नाही, ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

जाताना रजिस्टरची जुनी पानं चाळली. तिच्या सह्या आहेत. दर दिवशी थोड्या फिक्या. शेवटच्या दोन दिवशी नुसता कागद दबलाय, शाई नाहीच. पेन संपत आलं असेल.

१७ मार्च, मंगळवार

दुसरा आक्षेप लिहिला: एकदा साठवलेला हात यंत्रानं विसरायचा कसा, याची तरतूद दिसत नाही. लिहून झाल्यावर आधीच्या बाईंचा कच्चा मसुदा फाइलच्या तळाशी सापडला. त्यात शेवटचं वाक्य हेच आहे. जवळपास याच शब्दांत.

१८ मार्च, बुधवार

उत्तर आलं. साठवलेला हात विसरावा, अशी मागणी आजवर कोणत्याही वापरकर्त्याकडून आलेली नाही. सबब तरतूद अनावश्यक.

१९ मार्च, गुरुवार

सुधारित आकृत्या आल्या. आता नऊ आहेत.

अर्ज दाखल झाल्यावर त्यात नवीन काही घालता येत नाही. मी आधी हेच लिहून काढलं, नियमाच्या क्रमांकासह. मग आकृती नीट पाहिली. हात क्रमांक नऊ. उजवा. तर्जनीच्या टोकाला एक बारीक खड्डा. सात वर्षांची असताना बाबांच्या शिलाई यंत्राच्या सुईखाली मी बोट घातलं होतं, तो खड्डा.

हात कागदावर ठेवून पाहिला. रेषेला रेषा जुळली.

२० मार्च, शुक्रवार

घरी आले तेव्हा बाबा रेडिओ ऐकत बसले होते. मी मनगटावर हात ठेवला. ते ऐकतच राहिले. मी दाबला. जोरात दाबला. त्यांनी मान डोलावली, पण ती गाण्यावर.

शेवटी हाक मारली तर दचकले. म्हणाले, कधीची आलीस? चपला वाजल्यासारख्या वाटल्या, पण तू हात ठेवला नाहीस, म्हणून म्हटलं शेजारचं कुणी असेल.

तेव्हाही हात तिथेच होता.

२१ मार्च, शनिवार

खोटं सांगितलं. हाताला चिरा पडल्यात, औषध लावलंय, शिवू नका. ते म्हणाले, बघू तरी, किती चिरा आहेत. त्यांची बोटं माझ्या तळव्यावर टेकली. मला कळली, उबदार, टोकांना सुईनं खरवडलेली. ते मात्र तसेच चाचपत राहिले, पडलेलं बटण शोधावं तसे. म्हणाले, इथेच आहेस ना? मग बोलत राहा.

बोलत राहिले. पेपर दोनदा वाचून दाखवला, जाहिरातींसकट. ते आवाज येईल तिकडे तोंड करून बसले होते, आणि हात मांडीवर उताणे ठेवले होते.

२३ मार्च, सोमवार

खुर्चीची गादी दबत नाही. मी बसलेय, आणि ती फुगलेलीच आहे. कळफलकाची बटणं खाली जात नाहीत.

व्याकरणकाकांना एजंटचा नंबर फिरवून द्यायला सांगितलं. फोन त्यांनीच माझ्या कानाशी धरला. मी फार काही मागितलं नाही. यंत्रांचं जाऊ दे म्हटलं, लिफ्ट, हजेरी, काही नको. निदान माझ्या वडिलांना माझा हात कळू दे, त्यांना दुसरं काही नाही. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, तेवढं करता येईल. मग आक्षेपांचं काय ते विचारलं, अगदी अदबीनं.

मी म्हटलं, मागे घेते.

२४ मार्च, मंगळवार

अहवाल मी सांगितला, व्याकरणकाकांनी टंकला. आक्षेप उरलेले नाहीत, पेटंट द्यावं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? त्यांच्याकडे बघवेना. एकही स्वल्पविराम त्यांनी दुरुस्त केला नाही. मुख्य परीक्षकांनी न वाचता सही केली. आता ही पाटी दुकानांतून, शाळांतून, दवाखान्यांतून — त्याचा विचार नंतर करीन.

तासाभरात एजंटचं पत्र आलं. परीक्षकांची अडचण लक्षात घेऊन योग्य ती व्यवस्था आज दुपारीच त्यांच्या निवासस्थानी करण्यात येत आहे.

धावत घरी आले. बाबा खुर्चीत होते. मनगटावर हात ठेवला.

आलीस, म्हणाले.

दोन्ही हातांनी माझा हात धरून बसले, तर्जनीवरचा खड्डा चाचपून पाहिला. म्हणाले, चिरा कुठायत, उगाच घाबरवलंस. मी रडले. मग दोघंही हसलो. चुकलं असेल माझं, पण मला आज दुसरं काही सुचत नाही.

२५ मार्च, बुधवार

बाबांचा रक्तदाब बघायला सकाळी परिचारिका आली. पट्टा बांधला, यंत्रावर आकडा उमटेना. मग तिनं नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं. बोटं हलवली, पुन्हा धरली. स्वतःचीच बोटं चोळली, मुंग्या आल्यात म्हणाली. बाबा म्हणाले, ही बाई हात का लावत नाहीये? तिला वाटलं, थट्टा. नंतर येते म्हणाली. जिना उतरताना एकदा मागे वळून पाहिलं तिनं, दाराकडे, मी उभी होते तिथून थोडं बाजूला.

दुपार

बाबांना विचारलं, काल कोण आलं होतं. एक गोड बोलणारा गृहस्थ, म्हणाले. तुझ्या कार्यालयातला. मुलीचं काम अडलंय, पोचपावती म्हणून इथे हात ठेवा म्हणाला. काच कोमट होती. तुझं काम म्हणून मी दोन्ही ठेवले.

माझा हात त्यांना कळतो. का कळतो ते आत्ता —

त्यांना सांगितलेलं नाही. नाही सांगणार.

चार वाजले

व्याकरणकाकांना गाठायला हवं. अहवाल परत — फोन वाजतोय, उचलता येत नाही. दार आतून लागलंय. सकाळी मीच लावलेली कडी आता सरकत नाही. शेजाऱ्यांना हाका मारल्या. बाहेर कुणीतरी थांबलं, ऐकलं, गेलं.

शाई फिकी उमटतेय. दाबून लिहितेय.

बाबांच्या शेजारी बसलेय. माझा डावा हात त्यांच्या उजव्या हातात. ते शांत आहेत. मघापासून काहीतरी मोजल्यासारखी बोटं हलवताहेत.

म्हणताहेत, इतकी गर्दी का केलीस. कोण कोण आलंय, सांगितलं नाहीस. खोलीत मी आणि ते, दुसरं कुणी — मी बघतेय, कुणी नाही —

विचारताहेत, हा हात तुझा. मग माझा दुसरा हात कुणी ध