आईला देतो

५ फेब्रुवारी, सोमवार
आज पुन्हा फजिती! एक बाई चष्मा न्यायला आल्या, चष्मा तयारच नाही. "तुम्हीच म्हणालात ना, सोमवारी या?" हो, मीच म्हणालो. मनात मंगळवार होता. पण 'मं'वर ओठ मिटले ते उघडेनात, मागे रांग — मग जो वार तोंडातून सुटला तो दिला! मी गप्प असतो म्हणून मालक मला मुनी म्हणतात. ते ओरडले, "मुनी, वार तरी कळतात का रे तुला?" मान खाली घातली. तोतरा म्हणवून घेण्यापेक्षा मूर्ख परवडलं. मग मागच्या खोलीत काचा घासत बसलो. यंत्र काही विचारत नाही.

८ फेब्रुवारी
शेवटी स्पीच थेरपिस्ट बाईंकडे गेलो. वाटलं, गोळी देतील. त्या म्हणाल्या, "जीभ उत्तम आहे तुमची. हा भित्रेपणा नाही की अक्कल कमी असणंही नाही. बोलायचा हुकूम मेंदूतून निघतो, त्याची वेळ कधीकधी चुकते. पुष्कळदा घराण्यात असतं. तुमच्याकडे कोणी?" म्हटलं, छे! आईचं तोंड दिवसभर चालायचं. बाबा मोजकंच बोलतात, पण खणखणीत.
"पूर्ण जाईल असं वचन देत नाही. पण लपवण्यात तुमची जी दमछाक होते, ती नक्की कमी करू."
दमछाक! डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या वर्षांत हे कोणी ओळखलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, रविवार
दुकान बंद. दिवसभर तोंडातून एक शब्द नाही. संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून पाहिलं — एकटा असलो की कुठेच अडकत नाही! ऐकायला मात्र कोणी नाही.

१५ फेब्रुवारी
बाईंनी घालून दिलेला सराव: शब्द बदलायचा नाही. अडकला तर ढकलायचा नाही, ओठ सैल सोडून हलकेच सुरुवात करायची. आणि अधूनमधून मुद्दाम अडखळायचं! हे काय भलतंच? तरी संध्याकाळी एका गिऱ्हाइकाला म्हणालो, "मं-मं-मंगळवारी या." तो "बरं" म्हणाला आणि गेला. बस्स, एवढंच? याला भीत होतो मी?

१७ फेब्रुवारी
परवा बाईंनी विचारलं होतं, सगळ्यात अवघड कोणाशी जातं? मी विषय बदलला. बाबांशी. लहानपणी मी अडकलो की ते उठून बाहेर जायचे. लाज वाटायची त्यांना माझी, दुसरं काय! फोनवरही तेच — "हं. आईला देतो." की संपलं. आता आई नाही. मी फोन करतो, ते "हं" म्हणतात, मी "हं" म्हणतो, दोघंही ठेवून देतो. कोणाला देणार?
आई गेल्यापासून आम्ही एकही वाक्य बोललेलो नाही. उद्या बोलायचंच.

१८ फेब्रुवारी, रविवार
केला फोन.
"हं."
"ब-ब-बाबा, मी अडखळणार आहे. फोन ठेवू नका."
काहीच आवाज नाही. वाटलं, उठून गेले. मग श्वास ऐकू आला, आणि मग —
"म-म-मी पण. तू अडकलास की ब-ब-बघवायचं नाही रे मला. फक्त तुझ्या आ-आईला म-म-माहीत होतं."
मी त्यांचा शब्द पुरा केला नाही. थांबलो.