४१७२०६ नंबरची लेन्स

३ नोव्हेंबर १९७४, रविवार

नाही. हीसुद्धा ती नाही.

धरमपेठेतल्या एका वकिलाची होती. जाहिरातीत लिहिलं होतं — 'नव्यासारखी'. नव्यासारखी कसली! हातात घेऊन हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजली. तरी मी सगळे सोपस्कार केले. व्हरांड्यात उन्हात नेली. मागून टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं आहे का पाहिलं. आतली पाती उघडमीट केली, तेल ओघळलंय का पाहिलं. मूळ पावती मागितली. वकीलसाहेब खूश! 'तुम्ही माहीतगार दिसता' म्हणाले. मी मान हलवली आणि पुढच्या कड्यावरचा नंबर वाचला.

पहिल्याच आकड्याला कळलं. 'विचार करून कळवतो' म्हणालो आणि सायकल काढली. घ्यायची नव्हतीच.

जेवायला वाढताना वच्छलाने विचारलं, "भेटली?"

"खराब होती."

पावणेतीन वर्षांत ही एकोणिसावी की विसावी. प्रत्येक वेळी घरी येऊन 'खराब होती' म्हणायचं. बायकोला काय कळत नाही?

५ नोव्हेंबर

एकदा तरी सगळं खरं लिहावं. इथे तरी.

१७ फेब्रुवारी १९७२. लहानूला — माझ्या धाकट्या भावाला — मीच अजनीला पाठवलं. तिथल्या एका रेल्वेवाल्याने पेपरात १३५ ची लांब लेन्स विकायला काढली होती. मांडवातल्या गर्दीत दुरून चेहरे टिपायला तशी लेन्स लागते. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती. साडेचारशे रुपये लहानूच्या हाती दिले. तो एकवीस वर्षांचा, आमच्या फोटोच्या दुकानात माझ्याबरोबर तीन वर्षं काम केलेला. हसत हसत परत आला. "पाह्य दादा, काय माल आणला!"

मी आधी वहीत नंबर टिपला, मग टॉर्च मारली. पांढरं जाळं. बुरशी!

दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्या देखत मी लहानूच्या मुस्काटात मारली. "डोळे हायेत का भोकं? जा, वापस कर. पैसे आणल्याबिगर मले तोंड दाखवू नको!"

त्याने लेन्स डबीत घातली, डबी पिशवीत. सायकल मात्र माझी म्हणून नेली नाही. पायी गेला. इतवारीतल्या हातगाड्यांच्या गर्दीत त्याचं डोकं थोडा वेळ दिसत राहिलं.

तेच शेवटचं.

घरी सांगितलं — लेन्स परत करायला गेला, अजून आला नाही. थापडेचं सांगितलं नाही. ते वाक्य तर मुळीच नाही. पोलिसांनाही नाही. अजनीचा रेल्वेवाला त्याच दिवशी बदलीवर निघून गेलेला, क्वार्टरला कुलूप. नातेवाईक, दवाखाने, स्टेशन, तलाव — सगळं पाहून झालं. तीन वेळा चौकीतून बेवारस मुडदा ओळखायला बोलावणं आलं. तिन्ही वेळा दुसराच निघाला आणि तिन्ही वेळा मला आनंद झाला. दुसऱ्याच्या मुडद्यावर आनंद! असा झालोय मी.

लेन्ससाठीच कोणी त्याचं बरंवाईट केलं असेल, तर तो कधी ना कधी ती विकायला काढणारच. माणसाच्या अंगावर नंबर नसतो, लेन्सवर असतो. ४१७२०६. म्हणून मी गिऱ्हाईक होऊन दारोदार फिरतो.

८ नोव्हेंबर

प्रिंट उमटायला लागली तसा मी सवयीने लहानूला म्हणालो, "बस, काढ आता." अंधाऱ्या खोलीत मी एकटाच. कागद काळा पडला.

१४ नोव्हेंबर

दिवाळीची गर्दी. कालपासून श्वास घ्यायला फुरसत नाही. नवे कपडे, नवी जोडपी, तेल थापलेली डोकी. मोठ्या फोटोतले मागचे लोक मी भिंगाने पाहतो — जत्रेचा असो, वरातीचा असो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर काढलेले चार रोल असेच चेहरा न् चेहरा तपासले. एक कान त्याचा वाटला. नव्हता.

सकाळी मायने पेपर आणून दिला. तिला अक्षर ओळखत नाही, पण रोज पेपरवाल्याकडून तीच घेते आणि माझ्यापुढे ठेवते. "पाह्य गा बळीराम, काही निंगलं का." तिला वाटतं मी दुकानासाठी लेन्स शोधतोय.

निघालं. 'विकणे आहे. १३५ लेन्स, उत्तम स्थितीत. रुपराव, निवृत्त शिक्षक, उमरेड.'

१५ नोव्हेंबर

उमरेडला कार्ड टाकलं. नुसता नंबर विचारला तर चोर सावध होतो. म्हणून दहा प्रश्न विचारले — ओरखडा आहे का, कडं घट्ट फिरतं का, पाती किती, झाकण आहे का. त्यात नंबर सातवा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर आलं. मास्तरी अक्षर, दहा प्रश्नांची दहा उत्तरं.

'७) ४१७२०६.'

कार्ड उलटं करून ठेवलं. पुन्हा सुलटं केलं. तेच. वहीतल्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिलं, बोट ठेवून. गिऱ्हाईक म्हणत होतं, "भाऊ, पासपोर्टचे कधी देता?" मी म्हणालो, "सोमवारी." दुकान बंद केलं.

चौकीत जाऊ का? नको. आधी मी त्याचं तोंड पाहीन.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या एसटीने उमरेडला गेलो. पिशवीत कॅमेरा, टॉर्च आणि — लिहायलाही लाज वाटते — कागद कापायची मोठी कात्री.

कोष्ट्यांच्या वस्तीत घर. गल्लीभर मागांची खटखट. दार उघडलं ते एका वाळलेल्या म्हाताऱ्याने. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. "या, या. नागपूरचे ना? चा घ्या आंधी." त्यांच्या बायकोने, पार्वतीबाईंनी, पोहे पुढे केले. म्हाताऱ्याच्या या हातांनी लहानूला मारलं असेल? एवढंच मनात.

लेन्स हातात घेतली. तीच. कड्याच्या पायथ्याशी घासलेली जागा तीच. टॉर्च मारली.

स्वच्छ. आत काहीच नाही! जाळं नाही, डाग नाही.

मी विचारलं, "उघडून साफ केली का, गुरुजी?"

"उघडतो कायले? मले बी घेताना बुरशीच वाटली. म्हणून तं सस्त्यात भेटली. सहा महिन्यानं ध्यानात आलं, समोर एक जास्तीची काच हाये. फिल्टर. असा जाम बसला होता का लेन्सचाच वाटे. रबर गुंडाळून पिळला तवा निंगला. सारी बुरशी त्याच्यावर! लेन्स तं कोरी करकरीत." मग म्हणाले, "त्या पोराले सांगाचं होतं. पण पत्ता कोठी होता?"

"कोणत्या पोराले?"

"विकून गेला त्याले. मी 'लेन्स पाहिजे' म्हणून जाहिरात देल्ली होती, ती वाचून आला. लय भला. बुरशी हाये हे आपल्या तोंडानं सांगतलं. मी अडीचशे म्हटलं, तं म्हणे, 'गुरुजी, पन्नास तरी वाढवा. दादाले पैसे वापस द्याचे हायेत.'"

मागांची खटखट चालूच होती. मी टॉर्च विझवायची विसरलो होतो.

गुरुजींनी ट्रंकेतून पावती काढली. सांभाळून ठेवलेली, चार घड्यांची. लहानूचं अक्षर! तो 'ल' नेहमी जरा आडवा काढायचा, तसाच. '१३५ लेन्स नं. ४१७२०६ बद्दल रोख तीनशे रुपये मिळाले. लहानू गणवीर, नागपूर. १९-२-७२.'

एकोणीस. म्हणजे दोन दिवसांनी जिवंत होता. म्हणजे पैसे घेऊन —

"मंग कोठी गेला?"

"कोठी म्हणजे? नागपूरले. मीच एष्टीत बसवून देल्लं. दुपारच्या गाडीत. खिडकीतून हात हालवला त्यानं."

मी कोण ते सांगितलं नाही. पैसे दिले, लेन्स घेतली, पावती मागितली. "न्या न, आता तुमचीच ते," म्हणाले. पायरी उतरताना पार्वतीबाईंनी विचारलं, "भाऊ, बरं नाही वाटून राहिलं का?"

"ऊन लागलं," म्हणालो. नोव्हेंबरात.

२५ नोव्हेंबर

फिल्टर होता. मी कडं फिरवून पाहिलं नाही.

जुनी लेन्स हातात आली की पहिलं काम हेच — पुढची काच निघते का बघायची. लहानूला मीच शिकवलं होतं. त्या दिवशी थापड मारायला हात मोकळा होता, कडं फिरवायला नव्हता.

त्याने चांगलीच लेन्स आणली होती.

२७ नोव्हेंबर

काल दुकानाच्या दारातून गल्लीवर एक रोल काढला. आज धुतला. काय लेन्स आहे! भांड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्याची पापणी न् पापणी मोजून घ्यावी.

अकराव्या फोटोत हातगाडीमागे एक जण पाठमोरा उभा. मान तशीच, खांदे तसेच, हातात पिशवी. मी ओली प्रिंट टाकून तसाच बाहेर धावलो. हातगाडी नव्हती, कोणीच नव्हतं. फोटो कालचा. समोरचा भांडीवाला हसला, "काय भाऊ, कोणी पैसे बुडवून पयाला का?"

पावणेतीन वर्षं 'विकणे आहे'चा रकाना वाचला. 'पाहिजे'चा एकदाही नाही. मी चोर शोधत होतो. भाऊ शोधत असतो तर तो रकानाही वाचला असता.

२९ नोव्हेंबर

एसटीच्या ऑफिसात गेलो. पावणेतीन वर्षांपूर्वीची दुपारची उमरेड गाडी, खिडकीत बसलेला एक पोरगा. बाबू माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "भाऊ, काल कोण बसलं ते मले याद नाही."

पंचेचाळीस किलोमीटर. तेवढ्यात माणूस कुठे जातो? घरीच येत होता तो. पैसे होते. मी म्हटलं होतं तसं पैसे घेऊन तोंड दाखवायला येत होता. मग गल्लीच्या तोंडाशी पाय अडखळले असतील. तीनशेच आहेत, दादा पुन्हा मारेल.

आज वच्छलाला सगळं सांगितलं. थापडसुद्धा. रडेल वाटलं. ती म्हणाली, "मले काहून सांगता? मायले सांगा."

१ डिसेंबर, रविवार

मायसमोर दोनदा बसलो, दोनदा उठलो. एकदा पाणी मागितलं, एकदा हवेबद्दल बोललो. तिने आपलं सुपातलं निवडणं सोडलं नाही. तिचा लेक माझ्यामुळे गेला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? ती मला घराबाहेर काढेल तर बरं होईल. काढणार नाही, हेच भय आहे.

उद्या. दुकान उघडायच्या आत.

२ डिसेंबर

सांगितलं. थापड, ते वाक्य, फिल्टर, उमरेड, सगळं.

माय उठली. तिने आपली पेटी उघडली, लुगड्यांच्या तळातून एक गाठोडं काढलं आणि माझ्यापुढे सोडलं. दोनशे अठ्ठ्याण्णव रुपये.

"आला होता तो. तू दुकानात, वच्छला माहेरी. सारं सांगतलं त्यानं मले. मीच म्हटलं, दादाचा राग उतरू दे, चार दिवस भंडाऱ्याले मामाकडं जाय. पैसे माह्यापाशी ठेवून गेला. मामाकडं पोचलाच नाही."

"माय! मंग मले काहून नाही सांगतलं? इतके वर्षं?"

"मीच धाडलं हे सांगतलं असतं तं तू धुंडणं सोडून देल्लं असतं."