चुना सोडला, विडी नाही

३ जानेवारी १९५७, पोंभुर्णा

चांद्याच्या वाटेवरील चिंचेपाशी आज पुन्हा थांबावे लागले! पोटरी अशी आवळते की पाऊल उचलत नाही. उभे राहिले की सुटते. सोबत जाळे खांद्यावर घेतलेला डोमा होता. वेदना लपविण्याकरिता त्याची क्रियापदे सुधारीत उभा राहिलो.

लबाड म्हणतो, "गुरुजी, माही बोली तं रोजच बिघडली रायते. तुमी चिंचेपाशीच काऊन सुधारता?"

निर्लज्ज!

९ जानेवारी

चांद्यास जाऊन क्ष-किरणांनी पायाचे छायाचित्र काढविले. हाडाशेजारी एक वेडीवाकडी पांढरी रेघ. डॉक्टर म्हणाले, "धमनीच्या भिंतीत चुना साठला आहे. नळी कडक झाली, अरुंद झाली. चालताना पायाला रक्त पुरत नाही. विडी आजपासून बंद. आणि बोट काळे पडले, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी या. नाहीतर पाय कापावा लागेल."

चिठ्ठीत 'धमनी'ची वेलांटी चुकलेली! ज्यास वेलांटी सांभाळता येत नाही, त्याने माझा पाय सांभाळावा?

१० जानेवारी

उपाय मीच शोधला. चुना साठतो — तर चुना खाऊ नये! चाळीस वर्षांचे पान एका दिवसात सोडले. चुन्याची डबी उकिरड्यावर.

सौ. सुगंधाबाई म्हणाली, "अवो, डाक्टरनं तं विडी सोडा म्हनलं ना?"

"विडीत चुना नसतो."

"मंग अकलेत साठला असन!"

तिच्या 'असन'चे मी 'असेल' करून दिले.

२१ जानेवारी

दात आवळून चिंच ओलांडली! डोमास दिसेल अशी विडी शिलगावली.

२ फेब्रुवारी

पायाची करंगळी निजल्यावर ठणकते. पाय खाटेखाली लोंबता सोडला की बरे वाटते. म्हणून बसूनच निजतो. विड्या वाढल्या आहेत. असो.

९ फेब्रुवारी

सकाळी वेदना नाही! मुळीच नाही! "जिंकलो!" असे मी ओरडून सांगितले. सौ. माझे पाय धुवावयास बसली, आणि तिचा हात थांबला.

करंगळी काळी आहे. चिमटा काढला, कळले नाही.

त्याच दिवशी, चांदा

विड्यांचे बंडल निघताना मीच चुलीत घातले. करंगळी न्यावी, पाय मी देणार नाही.

गाडी डोमा हाकीत होता. चिंचेपाशी त्याने बैल आवरले. "थांबाचं का, गुरुजी?"

"हाक!" म्हणालो.