रोज सकाळी साडेसहाची आपत्ती

आदरणीय दाजी,

वाकून नमस्कार करायला गेलो तर टेबलाचा कोपरा कपाळाला लागतो, म्हणून बसल्या जागेवरूनच दोन्ही हातांनी केला आहे असं समजून घ्यावं. तुमचा रक्तदाब उतरला का? उतरला असेल तर ताईचा चढला असणार, कारण तुमच्या घरात रक्तदाब एकूण तेवढाच राहतो, फक्त इकडून तिकडे जातो, असं माझं जुनं निरीक्षण आहे. तुमचं पत्र नाही म्हणजे तुम्ही खुशाल आहात असं धरून चालतो. (माणूस आजारी पडला की सविस्तर लिहितो.) आम्ही सगळे ठीक. माझा दात काढला. दुखत होता तो अजून आहे, काढला तो शेजारचा. पण तो विषय आज नको, आज मला चांगलंच लिहायचं आहे. मी कुणाचं कौतुक करायला बसलो की घरचे थर्मामीटर आणतात हे मला माहीत आहे, तरी लिहितो.

ताई परवा फोनवर म्हणाली, "तुमच्या ऑफिसचं केंद्राशी काय ते जुळलं म्हणे, आता मजाच असेल." मजा कसली, ते ऐका. पाणीपुरवठ्याच्या आमच्या शाखेचा मी सध्या प्रभारी आहे. शाखाप्रमुखाची खुर्ची तीन वर्षं रिकामी आहे आणि तीन वर्षं काम सुरळीत चाललं आहे. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी लेखी कुठेच म्हणणार नाही. तर आमच्याकडे तक्रारींसाठी व्हॉइसमेलचं एक जुनं यंत्र आहे. शिवणयंत्राच्या पेटीएवढं, तपकिरी, आत टेपची दोन चाकं, चार फोनलाइनी आणि साठ निरोपांची जागा. लोक फोन करतात, आधी आमचं निवेदन ऐकू येतं, मग टोन वाजतो, मग तक्रार बोलायची. इतर गावांत हे निवेदन एकदा भरलं की यंत्र भंगारात जाईपर्यंत तेच वाजतं. आमच्याकडे ते रोज सकाळी साडेसहाला नवं होतं, कारण आमच्याकडे बाई आहेत.

बाई म्हणजे आमच्या टेलिफोन ऑपरेटर. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. सकाळी आल्या की पर्स टेबलावर, चष्मा नाकावर, वॉल्व्हवाल्यांना एकेक फोन, आणि मग रिसीव्हर हातात घेऊन कागदाशिवाय सलग बोलतात. नमुना म्हणून एक दिवसाचं देतो: "नमस्कार. आज दोन नंबरचा पंप बंद आहे, म्हणून चढावरच्या गल्लीला पाणी चारला येईल. साडेतीनला नळ उघडून बघू नका, नुसती हवा येते. शाळेमागच्यांनी पहिली बादली सोडून द्या, गढूळ आहे. काल गळतीचं सांगणारे आजोबा, माणूस अकराला येतोय, कुत्रं बांधून ठेवा. बाकीच्यांनी टोननंतर बोला, पण मुद्द्याचं." पंचेचाळीस सेकंद. मी स्टॉपवॉच लावून पाहिलं आहे. (आमच्या साप्ताहिक बैठकीत 'उपस्थितांचे स्वागत' याला एवढ्याच्या नऊपट वेळ लागतो.) तेव्हा गाव आमच्याकडे फोन करतं ते बोलायला नाही, ऐकायला. ऐकायचं, फोन ठेवायचा, बादल्या कधी मांडायच्या ते ठरवायचं.

आता केंद्राला, म्हणजे आमच्या मुख्य कार्यालयाला, हे यंत्र आपल्या निरोपांच्या जाळ्यात हवं होतं. अकरा शाखांचे निरोप एका ठिकाणी, सगळे मोजलेले, तपासलेले. त्यासाठी तिकडून एक तंत्रज्ञ आला. दिवसाला तीन शब्द बोलणारा माणूस, त्यामुळे दुपारपर्यंत ऑफिसनं त्याचं नाव मौनी ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज जोडायचे आणि स्वतः गप्प राहायचं, ही नेमणूक कुणी केली असेल त्याला मानलं पाहिजे. त्यानं एक चपटा डबा आणला. आमचं यंत्र जुन्या पद्धतीचं, त्याला फक्त आवाज आणि टोन कळतात. केंद्राला फक्त आकडे कळतात. (हे केंद्राबद्दल यंत्राच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं.) डबा मधला दुभाषा. तो दर तासाला एखाद्या ग्राहकासारखा आमच्या यंत्राला फोन लावतो, बाईंचं निवेदन संपेपर्यंत थांबतो, टोन देऊन आतले निरोप वाजवून घेतो, त्यांचे आकडे करतो आणि केंद्राला पाठवतो. बाईंचं बोलणं मध्ये न तोडता पूर्ण ऐकणारा आमच्या ऑफिसातला तो पहिलाच. मौनीनं दीड दिवसात काम केलं, आणि काय सुबक केलं! प्रत्येक वायर शेजारणीला धक्का न लावता बसलेली. माझ्या घराचं वायरिंग पाहिलेल्या माणसानं ते पाहिलं असतं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मी पाहिलं आणि माझ्या आलंच.

आठवड्यानं केंद्राचा अहवाल आला. आमच्या शाखेला रोज सरासरी चारशे बारा फोन, निरोप नऊ. उरलेले चारशे तीन लोक निरोप न ठेवता गेले, म्हणून ते एका स्वतंत्र रकान्यात. रकान्याचं नाव 'हताश ग्राहक'. अकरा शाखांत आम्ही अकरावे. मी तो कागद बाईंसमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाल्या, "हताश? अहो, त्या नवातले चार निरोप नुसते 'बरं बाई' एवढेच असतात." मी हे सगळं केंद्राला लिहिलं. केंद्रातल्या साहेबांचं उत्तर आलं की स्थानिक निवेदनामुळेच ग्राहक निराश होत असल्याचं माझ्या पत्रावरून स्पष्ट होतं, सबब सोमवारपासून सर्व शाखांचं एकच प्रमाण निवेदन वाजेल. (माझं मराठी इतकं वाईट आहे का, दाजी?)

सोमवारी यंत्रातून एक अनोळखी, गोड आवाज येऊ लागला: आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एवढंच. पाण्याचा पत्ता नाही. आठ वाजून वीस मिनिटांनी साठच्या साठ जागा भरल्या आणि टेपची चाकं थांबली; त्यानंतरचे फोन मोजणीतच आले नाहीत. मी हेडफोन लावून सगळे ऐकले. एकतीस जणांना पाणी कधी ते हवं होतं. एका गृहस्थांचं म्हणणं, कॉल एवढा महत्त्वाचा आहे तर उचला की. एक आजी म्हणाल्या, "ए पोरी, तुझं नंतर सांग, आधी बाईंना दे." आणि चौदा जणांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की बाई बऱ्या आहेत ना? बुधवारी केंद्राकडून अभिनंदनाचं पत्र आलं. हताश ग्राहक: शून्य. अकराव्या नंबरावरून आम्ही पहिले. गाव नळाखाली बादल्या लावून ताटकळत होतं आणि आमचा आलेख शिडी लावल्यासारखा वर चालला होता.

बाईंनी भांडण केलं नाही. केलं असतं तर मला सोपं गेलं असतं, भांडणाला उत्तरं माझ्याकडे तयार असतात. त्या एवढंच म्हणाल्या, "माझा पगार चालू आहे, माझं काही जात नाही. पण चढावरच्या गल्लीत एकटी जुळी लेकरं सांभाळणारी एक मुलगी आहे. ती सकाळी सहापासून चारपर्यंत नळापाशी बसणार." मग त्यांनी आपली वही काढली आणि त्या एकेका घराला हातानं फोन लावू लागल्या. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अडतीस घरं. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला. मी माझ्या खोलीतून काचेपलीकडे पाहत होतो: एक घोट कोमट पाणी, एक नंबर, तेच पाच शब्द, पुन्हा एक घोट. दाजी, मी सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी दुसऱ्यांना नावं ठेवण्यात गेली. त्या काचेपाशी उभा राहून नावं ठेवायला फक्त मीच सापडत होतो. कारण जोडणी करून घ्या म्हणून केंद्राला पहिलं पत्र मीच पाठवलं होतं, आधुनिक दिसावं म्हणून.

मी मौनीला परत बोलावलं, टेप अडकते असं खोटं सांगून. तो आला, टेप अडकलेली नाही हे त्यानं पाहिलं, काही बोलला नाही. (बोलला असता तरच नवल.) मी त्याच्या कानाला हेडफोन लावला आणि सोमवारचे साठ निरोप ऐकवले. ऐकून झाल्यावर त्यानं काचेतून बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्याच?" मी म्हटलं, ह्याच. मग तो केंद्राच्या जाळ्याचं तीनशे पानांचं नियमपुस्तक घेऊन बसला. ते पुस्तक कुणी वाचतं हे मला त्या दिवशी कळलं. सायंकाळी ऑफिस सुटायच्या आधी त्यानं माझ्यासमोर दोनशे बारावं पान ठेवलं आणि आयुष्यातलं बहुधा सर्वांत मोठं भाषण केलं: "आपत्तीच्या वेळी शाखेला स्वतःचं निवेदन लावता येतं. चोवीस तास. त्या चोवीस तासांतले फोन मोजत नाहीत. आपत्ती किती वेळा यावी, ते लिहिलेलं नाही."

तुम्हाला सांगतो, मोठमोठ्या वकिलांना जे सुचत नाही ते त्या माणसानं स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवता ठेवता सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी डब्यावर तीन आकडे दाबून आपत्ती जाहीर केली. बाईंनी रिसीव्हर उचलला. आवाज फाटका होता, तरी बोलल्या: नमस्कार, चढावरच्या गल्लीला चारला. त्या दिवशी निरोप आले सव्वीस. त्यातले चोवीस 'बरं बाई', आणि एक बहुतेक नुसतं रडणं. एक गळतीचा. तेव्हापासून आमच्या शाखेत रोज साडेसहाला आपत्ती येते आणि रोज चहाच्या आधी आटोपते. गाव सुखी, केंद्र सुखी, डबा तर फारच सुखी. जगात फार थोडी माणसं आपापलं काम मनापासून करतात, आणि त्यातली दोन माझ्या एका ऑफिसात एका वेळी सापडावीत, हे माझ्या पत्रिकेत कुठून आलं ते कळत नाही.

असो. सगळं उत्तम चाललं आहे, तुमच्याकडे मागण्यासारखं काही नाही. ताईला सांगा की दाताचं मी तिला वेगळं लिहीन. लहानांना पाठीवर थाप, मोठ्यांना जे झेपेल ते.

तुमचा कौतुकात नवशिका
मेहुणा

ता. क. दोनशे बाराव्या पानाच्या पुढे दोनशे तेरावं पान आहे, हे वर लिहायचं राहिलं. प्रत्येक आपत्तीचं कारण प्रभारीनं त्याच दिवशी लेखी कळवायचं, आणि कारण आधीच्या कोणत्याही कारणाहून वेगळं हवं. तेच कारण पुन्हा आलं तर ती आपत्ती नव्हे, गैरव्यवस्था. सवलत कायमची रद्द, पुन्हा तो गोड आवाज. आज सत्तेचाळिसावा दिवस. पंप, वॉल्व्ह, गाळ, वीज, टाकीत पडलेली शिडी, शिडी काढायला गेलेला माणूस, हे सगळं पहिल्या पंधरवड्यात संपलं. तेविसाव्या दिवशी मी 'चढावरची गल्ली चढावर असणे' हे कारण दिलं. चोविसाव्या दिवशी 'उतारावरची गल्ली उतारावर असणे'. काल 'सलग आपत्तींमुळे कर्मचाऱ्यांना आलेला थकवा'. आज 'आज एकही आपत्ती न आल्याने नागरिकांत पसरलेला संभ्रम'. दुपारी केंद्रातून एका मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, तुमचं कारण आम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचतो, पण एकविसावं आणि अडतिसावं जवळजवळ सारखं आहे हो, साहेबांच्या लक्षात आलं नाही तोवर जपा. दाजी, आठवडाभराची कारणं माझ्याकडे आहेत. आठव्या दिवसाचं नाही.

ता. क. २. गेल्या बावीस वर्षांत आमच्या घरातली अकरा लग्नं, तीन साठ्या आणि माझं घर बदलणं यांपैकी एकाही प्रसंगाला तुम्ही आला नाहीत, आणि एकदाही तेच कारण दिलं नाहीत. 'निघालो होतो पण डाव्या पायातल्या बुटात मांजर व्यायली', हे मी आजही लोकांना सांगतो. तुमच्या कारणांवर सगळे विश्वास ठेवतात. ताईनंसुद्धा दोनदा ठेवला, आणि ती तुमच्याच घरात राहते. एवढी देणगी एका माणसात पडून राहणं बरं नाही. फार नाही, सध्या तीस दिवसांची पाठवा. पाण्याशी लांबचा संबंध असला तरी पुरे.

ता. क. ३. जमणार नसेल तर संकोच करू नका, तसं स्पष्ट कळवा. फक्त का जमणार नाही ते नेहमीसारखं सविस्तर लिहा, आणि उलट टपालानं पाठवा. निदान आठव्या दिवसाचं भागेल.