आखाजीला मी गाडी घेऊन येतो

७ मार्च, शनिवार
उद्या रविवार, म्हणून शाळेत महिला दिन आजच उरकला. मी 'स्वावलंबन' या विषयावर बावीस मिनिटं बोललो. मुलींनी टाळ्या वाजवल्या. शाळा सुटल्यावर गेटवर रजनी मोपेड घेऊन उभी होती. मी मागे बसलो तेव्हाही त्यांनी टाळ्या वाजवल्या. पी.टी.चे सर म्हणाले, दिलीप सर, निदान हेल्मेट तरी स्वतःचं आहे ना? मी हसलो. आतून पेटलो.

निश्चय: कार घेणे आणि स्वतः चालवणे. बावन्नाव्या वर्षी माणसाने भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बायकोच्या मागे बसू नये. ज्याला गाडी येते तो कोणावर अवलंबून नसतो, हे आज मीच भाषणात सांगितलं.

लायसन्स आहेच. एकोणीस वर्षांपासून. वापरलं नाही, पण मुदत संपली तेव्हा रिन्यू करून घेतलं. इतक्या वर्षांत एक अपघात नाही, पोलिसांचा एक मेमो नाही. असा रेकॉर्ड अख्ख्या सुरतेत किती जणांचा असेल?

११ मार्च, बुधवार
कार घेतली. सेकंडहँड, पांढरी. पसंत मी केली. रजनीने फक्त इंजिन, टायर, विमा, कागदपत्रं आणि मालक एवढंच पाहिलं.

मालक साडीचा व्यापारी. घरात दोन लहान पोरं, म्हणून मागच्या दारांना लॉक लावलेलं आणि ते आता तसंच अडकून बसलंय. दोन्ही दारं आतून उघडत नाहीत, बाहेरूनच उघडावी लागतात, असं त्याने तीनदा सांगितलं. मी म्हटलं, शेठ, मागे बसणाऱ्यांच्या अडचणी मला कशाला सांगता? मी पुढे बसणारा माणूस.

पर्वत पाटियाच्या गर्दीतून गाडी शेठच्या ड्रायव्हरने घरी आणून लावली. मी शेजारी बसून त्याला मार्गदर्शन केलं. तो दर वेळी मान डोलवत होता. शिकण्याची वृत्ती असावी.

१६ मार्च, सोमवार
सकाळी क्लास सुरू. शिकवायला हिलालभाऊ. लिंबायतमध्ये वीस वर्षं रिक्षा चालवली, आता क्लासच्या गाडीवर शिकवतात. त्या गाडीत क्लच-ब्रेक दोन्हीकडे आहेत, एक जोडी त्यांच्या पायाखाली. पहिल्याच दिवशी मी उधन्यापर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही बंद पडली नाही. पाय अजिबात दुखले नाहीत. हिलालभाऊंचे मात्र दुखत होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत, पण व्यायाम नाही.

१९ मार्च, गुढीपाडवा
गाडीची पूजा. चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडायला गाडी जरा पुढे घ्यावी लागते, ते काम मुहूर्त चांगला बघून करू.

शुभेच्छा द्यायला नंदुरबारला व्याह्यांना फोन केला. लेक शर्वरीचं लग्न डिसेंबरात झालं, तेव्हा येती अक्षय्य तृतीया म्हणजे तिची पहिली आखाजी. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. आपणहून यायचं नसतं, माहेरचा माणूस आणायला जातो. त्याला म्हणायचं मुराळी. रजनीचा भाऊ चेतन मुराळी म्हणून जाणार होता, ट्रेनची तिकिटं काढून बसला होता.

फोनवर बोलता बोलता मी छगनरावांना सांगून टाकलं, चेतन नाही, मीच येतो. स्वतःची गाडी घेऊन, स्वतः चालवत. ते म्हणाले, थांबा, सूनबाईंना देतो. भारावले असणार. मग शर्वरीने फोन घेतला आणि म्हणाली, बाबा, मामालाच येऊ द्या ना. पोर हळवी आहे. बापाला त्रास नको म्हणून म्हणत होती.

चेतनला कळवलं, तिकिटं कॅन्सल कर. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना भाऊजी? या लोकांचा एवढा आत्मविश्वास कमी का असतो कोण जाणे.

२९ मार्च, रविवार
आज स्वतःची गाडी स्वतः काढली. पार्किंगमधून. जवळजवळ काढली.

आमच्या बिल्डिंगचा एक पिलर चुकीच्या जागी बांधलेला आहे. अकरा वर्षं राहतोय, लक्षात कधी आलं नव्हतं. पिलर आणि पाण्याची मोटर यांच्या मध्ये आमची जागा. डावा आरसा गेला. हरकत नाही, मी फार मागे वळून बघणारा माणूस नाहीच. वरून चार गॅलऱ्या भरल्या होत्या. कोणी शिट्टीही वाजवली. रजनी खाली आली, काचा झाडून गोळा केल्या, वर गेली. एक शब्द बोलली नाही. असा पाठिंबा फार कमी नवऱ्यांना मिळतो.

५ एप्रिल, रविवार
रजनी आज बोलली. म्हणाली, शर्वरीला तेव्हा शिकू दिलं असतं तर आज ती स्वतःच चालवत आली असती.

याला म्हणतात जुनं उकरून काढणं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पोरीने हट्ट धरला होता, क्लास लावते म्हणून. फॉर्मसुद्धा आणला होता. मी प्रेमाने समजावलं, तुला काय गरज? आज बाप आहे, उद्या नवरा असेल. चालवणारा आपण शोधून देऊ. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी किराण्याची यादी केली. मुलींच्या बाबतीत थोडं कडक राहावं लागतं.

आणि मुळात बाप तरी कुठे चालवत होता, असं रजनी जाता जाता म्हणाली. विषय सोडून बोलायची तिला सवय आहे.

९ एप्रिल, गुरुवार
क्लास संपला. हिलालभाऊंना शेवटची तालीम म्हणून आमच्या गाडीत शेजारी बसवलं. गाडी गोडादऱ्याच्या रस्त्यावर अकरा वेळा बंद पडली. क्लासच्या गाडीत एकदाही नाही, आणि इथे अकरा. म्हणजे दोष उघड उघड गाडीचा.

हिलालभाऊ सारखे दोन्ही पाय आपटत होते. म्हणाले, मास्तर, मन्हा पायखाले काहीच नही. घामाघूम झाले होते. उतरल्यावर माझ्या पाया पडल्यासारखं करून म्हणाले, आखाजीले गुपचूप रेल्वेमा बठा. अहिराणी माणसाचं प्रेम असं रांगडं असतं. फी त्यांनी घेतली नाही, पुन्हा येऊ नका एवढंच सांगितलं. शिकवण्यासारखं काही उरलंच नसेल.

१४ एप्रिल, मंगळवार
नंदुरबारचा रस्ता कागदावर काढला. कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. वळणं लाल पेनने. वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही. खाली किती, ते ठरवलं नाही.

छगनरावांचा फोन. सौम्य माणूस, पण आज जरा टोकदार. म्हणाले, शनिवारी मुराळी आला तर ठीक, रविवारी सण, सणाच्या दिवशी सुनेला उंबऱ्याबाहेर काढणार नाही, मग पहिली आखाजी सासरीच होईल. मी म्हटलं, शनिवारी सकाळी दहाला तुमच्या दारात हॉर्न वाजेल. चेतनने हळूच तिकिटं पुन्हा बघितली म्हणे, एकही शिल्लक नाही. कोणी सांगितलं होतं बघायला?

रजनीने गॅलरीत झोका बांधला. शर्वरी लहानपणी आखाजीला बसायची तोच पाट. दोरी तीन वेळा ओढून पाहिली. हल्ली फार कमी बोलते. नवऱ्याचा अभिमान दरवेळी शब्दांत सांगता येत नाही.

१८ एप्रिल, शनिवार
पहाटे ५.१०. निघालो! रजनी शेजारी. तिच्या पर्समध्ये एसटीचं टाइमटेबल दिसलं. जुनं असेल.

५.४५. बिल्डिंगच्या गेटमधून बाहेर. वॉचमनने नमस्कार केला. देवाला केला की मला, कळलं नाही.

७.३०. कडोदऱ्याच्या थोडं अलीकडे, उसाच्या रसाच्या दुकानासमोर. म्हणजे साधारण बारा किलोमीटर झाले. गाडीला विश्रांती हवी होती, ती आपणहून थांबली. सुरू झाली आहे, पण ट्रक एकामागून एक, रस्त्यावर यायला फटच नाही. ट्रक कमी झाले की निघू.

८.१०. रजनीने विचारलं, दिलीपराव, आज निघायचंय का? लग्नानंतर पहिल्यांदाच 'दिलीपराव' म्हणाली. मी म्हटलं, घाई करणाऱ्यांचेच अपघात होतात. ती दार उघडून उतरली, हात केला, नंदुरबारची बस थांबली, ती चढली. बस गेली. गाडी राखायला इथे कोणीतरी हवंच होतं. कामं वाटून घेतली की ताण येत नाही.

बाई मुराळी म्हणून गेल्याचं आमच्या घराण्यात कोणी ऐकलेलं नाही. पण मी त्या बाबतीत पुरोगामी आहे.

१०.००. या वेळी व्याह्यांच्या दारात हॉर्न वाजणार होता. इथे वाजवून पाहिला. चालतो.

११.२०. ट्रक कमी नाहीत. तिसरा ग्लास. रसवाले काका म्हणाले, बेसो ने साहेब, शांतीथी. चांगला माणूस.

१.१५. रजनीचा फोन. पोचली. छगनरावांनी विचारलं, दिलीपरावांनी गाडी कुठे लावली? ती म्हणाली, कडोदऱ्याला. मागे विहीणबाई शोभाताईंचं हसणं ऐकू आलं, बराच वेळ. पण पाठवताहेत पोरीला. मुराळी तो मुराळी, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तोवर तो कुठे होता हे लिहीत नाही.

३.३०. काकांनी खाट दिली. थोडं लवंडलो. उन्हाने दोनदा उठवलं.

५.४०. आल्या! रस्त्यापलीकडे बसमधून दोघी उतरल्या. शर्वरी रस्ता ओलांडून आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, बाबा, जेवलात का? मी रुमाल काढला. धूळ फार आहे या रस्त्याला.

मग तिने हात पुढे केला. मला वाटलं रस हवाय. तिला किल्ली हवी होती.

शोभाताई स्वतः गाडी चालवतात, बाजार, बँक, लग्नकार्य सगळं. सून आल्या आल्या त्यांनी विचारलं, गाडी येते का? नाही म्हणाली. का नाही, असं पुढे विचारलं. तिने काय उत्तर दिलं ते शर्वरीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शोभाताईंनी शिकवायला घेतलं. चार महिन्यांत लायसन्सही हातात.

शर्वरीने सीट पुढे ओढली, उरलेला आरसा नीट केला, आईला शेजारी बसवलं. बाबा, तुम्ही मागे बसा, दिवसभर दमलात, म्हणाली. मागचं दार उघडून धरलं. बसलो. दोन ट्रकांच्या मधून गाडी अशी काढली की काकांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

६.३०. घर. पिलर आणि मोटरच्या मध्ये, रिव्हर्समध्ये, एका दमात. गॅलऱ्यांतून कोणी बाहेर आलंसुद्धा नाही.

दोघी उतरल्या. रजनी मला विसरली नव्हती, दाराला हात घालत होती. मीच काचेतून म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी बघतो गाडी नीट लागली आहे का. बापाने काहीतरी बघायला हवं ना.

६.५५. हे गाडीतच लिहितोय. दार आतून उघडत नाही, दुसऱ्या बाजूचंही नाही, आणि मागच्या काचा किल्लीशिवाय खाली होत नाहीत. पुढच्या सीटवर जायचा प्रयत्न केला. पोट गेलं, पाय मागे राहिले. हॉर्न दबला, लोकांना वाटलं मी प्रॅक्टिस करतोय. फोन मघाशी गाडीत बसताना रजनीच्या पर्समध्ये टाकला, तो तिथेच. शर्वरीने पुढची काच खाली ठेवली आहे, हवा येते. पोर पहिल्यापासून समजूतदार.

इथून आमची गॅलरी दिसते. शर्वरी झोक्यावर बसली आहे, रजनी झोका देतेय. दोघी गौराईची गाणी म्हणताहेत. रजनी इतकी हसताना मी या वर्षी पाहिली नव्हती. शर्वरीने खाली पाहून हात केला. मीही केला, सगळं ठीक असल्यासारखा. तिला वाटलं, बाबा अजून गाडी बघताहेत.

त्या फॉर्मवर मी किराण्याची यादी का केली असेल?

७.१०. हाक मारली. आधी रजनीला, मग शर्वरीला. गाण्यात ऐकू गेली नाही. हे गाणं संपलं की परत मारतो.