बटणाचे कोपरे

३ तारीख, सकाळ
वहिनी दातांचा दवाखाना काढतेय. तिथल्या कॉम्प्युटरवरचा पेशंटच्या नोंदींचा प्रोग्रॅम मी करणार. काल जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. दादा म्हणाला, तयार मिळतो तोच घेऊ. म्हटलं, घरात इंजिनियर असताना? वहिनीने विश्वास ठेवून तयारवाल्याला नकार कळवला. वीसला दवाखाना सुरू. वेळच वेळ. नोकरी गेल्यापासून घरचे माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, तीही वीसला बदलेल.

६ तारीख
रंग फायनल. राखाडीवर फिकट राखाडी. आई म्हणाली, अक्षरंच दिसत नाहीत. आईला अभिरुची नाही, त्याला मी काय करू?

९ तारीख
बटणाचे कोपरे गोल केले. चार पिक्सेल की सहा? दिवस गेला. पाच.

१२ तारीख, दुपारी
वहिनीने विचारलं, पेशंटची नावं सेव्ह होतात ना? हसू आलं. ते तासाभराचं काम. आधी सेव्हचं बटण तर दिसायला देखणं हवं!

१५ तारीख
सगळी बटणं मोठी केली. ती मावेनात, म्हणून विंडो मोठी केली. माझ्या मॉनिटरवर काय थाट आहे! दादा म्हणाला, दवाखान्यात छोटा, जुना लॅपटॉप आहे. याला कशातही खोट काढायची सवयच आहे.

१८ तारीख
आज सेव्ह करायचंच. पण यादीतल्या ओळी फार चिकटून दिसतात. आधी त्या.

२० तारीख, संध्याकाळ
लॅपटॉपवर विंडो अर्धीच दिसली. सेव्हचं बटण स्क्रीनच्या खाली कुठेतरी. धावत घरी जाऊन माझा मॉनिटर आणला, जोडला. बटण दिसलं. वहिनीने दाबलं. सुरेख दबलं, सावलीसकट. नाव मात्र गेलं ते गेलंच. आठवलं, ते तासाभराचं काम राहिलंय. बाकावर गाल धरून बसलेली माणसं. एक आजोबा कंटाळून उठून गेले. वहिनीचा चेहरा उतरला. तिच्या पहिल्याच दिवशी. फार वाईट वाटलं. अर्थात लॅपटॉप जुना होता.

२१ तारीख
तयार प्रोग्रॅम आला. दादाने चहा निवायच्या आत चालू केला. दिसायला भिकार. नावं सेव्ह होतात, एवढंच. वहिनीला म्हटलं, निदान रंग तरी बदलून देतो. ती म्हणाली, नको भाऊजी, तुम्ही हात लावू नका.

लग्न होऊन आल्यापासून ती मला नावानेच हाक मारते. अरे-तुरे करते.