वायरची एक बाजू

जीवन,

तू दुकानातून येशीन तवा मी घरी नसीन. आईले आणायले मलकापूरले, मामाच्या घरी चाललो. पोळ्या डब्यात आहेत. म्हशीले पाणी पाज.

तू आणलेले बिनवायरचे हेडफोन टीव्हीपाशी ठेवले, ते तूच वापर. वस्तू चांगली आहे, खोटं काऊन बोलू? फवारा मारतानी वायर कुठी अटकत नाही, हात मोकळे राहतात. पण ते कानात घातले की घरातलं काहीच ऐकू येत नाही. त्या दिवशी आईनं विचारलं म्हणे, "या घरात माणूस आहे का नाही?" मंग पिशवी भरून निघून गेली. मले पत्ताच नाही. मामाचा फोन आला तवा समजलं.

जुन्या मोबाईलवर वायर खोचल्याबिगर रेडिओच लागत नव्हता. एक टोक तिच्या कानात, एक माह्या. वायर हातभर, म्हणून ओट्यावर खेटूनच बसा लागे. दूध उतू गेलं की ती तशीच पळे अन् माहा कान ओढल्या जाये. मी लय चिडो. आता कोणी ओढत नाही.

आई हाव म्हणली तर संध्याकाळच्या एसटीनं दोघंही येतो. नाही म्हणली तर मीही तिथंच राहीन.

तो वायरचा हेडफोन पेटीत सापडला, सोबत नेतो. त्याची एकच बाजू वाजते. ती तिले देईन. बंद बाजू माह्या कानात.

बाबा